जिवतीला रुजू होताना

नेमणुकीच्या आदेशावर ‘जिवती, जि. चंद्रपूर’ असं वाचलं की माणूस आधी नकाशा उघडतो आणि मग बदलीचे नियम चाळायला लागतो. चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर हा रस्ता सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यातून जातो. पुढे माणिकगडच्या डोंगरात घाट चढला की पठारावर जिवती. तालुक्यात रेल्वे नाही. बदल्यांच्या भाषेत अशा भागांना ‘अवघड क्षेत्र’ म्हणतात. पण इथल्या माध्यमिक शाळेच्या एका वर्गात जे पाहायला मिळतं, ते बघायला भाषेचे अभ्यासक जग पालथं घालतात. तिथे रुजू होणाऱ्यांना आणि अशा शाळेबद्दल कुतूहल असणाऱ्या सगळ्यांनाच ते आधी कळायला हवं.

आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. एका बाकावर गोंड मुलगी, घरची भाषा गोंडी. शेजारी कोलाम मुलगा, घरची भाषा कोलामी. मागे तांड्यावरून येणारा बंजारा मुलगा, तो घरी गोरमाटी बोलतो. खिडकीकडे बसलेल्या मुलीचे आजी-आजोबा मराठवाड्यातून इकडे आले, दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या अनेक कुटुंबांसारखे. तिची मराठी नांदेड-लातूरच्या वळणाची. सीमेकडच्या गावातल्या मुलाच्या कानावर लहानपणापासून तेलुगू पडलेली. फळ्यावर मात्र पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी, आणि ती यातल्या कुणाच्याही घरची नाही.

मराठी आणि गोरमाटी आर्य भाषाकुळातल्या. गोंडी, कोलामी आणि तेलुगू द्राविड कुळातल्या. भारतातली दोन सर्वांत मोठी भाषाकुळं इथे एका हजेरीपटावर असतात. त्यातही एक नवल आहे. गोंड आणि कोलाम शेकडो वर्षांचे शेजारी. कोलाम पुजाऱ्यांना गोंड समाजात मान, दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे टोप घालून नाचली जाणारी दंडारही दोघांची. तरीही कोलामी ही गोंडीची बोली नाही. अभ्यासक गोंडीला तेलुगूच्या शाखेत ठेवतात आणि कोलामीला मध्य द्राविड या दुसऱ्या शाखेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानलेले आदिवासी गट तीनच आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यांपैकी एकाची भाषा तुमच्या वर्गात रोज दप्तर घेऊन येते.

याचा शिकवण्याशी काय संबंध, ते वहीतल्या एका ओळीवरून दिसतं. कोलाम मुलाने निबंधात ‘माझी बहीण काल आलं’ असं लिहिलं, तर आपला लाल पेन लगेच चालतो. पण कोलामीत आणि गोंडीतही नामांचे गट दोन. माणसांतले पुरुष एका गटात. बायका, जनावरं, झाडं, वस्तू असं बाकीचं सगळं दुसऱ्या गटात. ‘बहीण आली’ आणि ‘वासरू आलं’ या दोन्हींना त्याच्या भाषेत क्रियापदाचं एकच रूप पुरतं. बंजारा मुलाची गोष्ट वेगळी. गोरमाटी राजस्थानी भाषांची नातेवाईक, तिच्यात स्त्रीलिंग-पुल्लिंग आहे, नपुंसकलिंग नाही. त्यामुळे तो ‘पुस्तक हरवला’ असं लिहून जाईल. दोन मुलांच्या दोन चुका, आणि दोन्ही चुका नियमाने चालणाऱ्या. त्यांच्या डोक्यात एक पक्कं व्याकरण आधीच आहे आणि ते दुसऱ्या व्याकरणाशी जुळवून घेत आहेत. हे ज्याला दिसलं त्याचा लाल पेन क्षणभर थांबतो, आणि पुढचं वाक्य ‘असं का लिहिलंस, सांग बरं’ असं निघतं.

उलटही होतं. मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद हिंदीभाषक माणसाला जड जातो, कारण हिंदीत दोन्हींना ‘हम’. कोलामी आणि तेलुगूत हा भेद आहे. मराठीत तो द्राविड भाषांच्या शेजारातून आला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. शहरातल्या हिंदीभाषक मुलांना शिकवावी लागणारी व्याकरणातली एक बारकी गोष्ट जिवतीचा कोलाम मुलगा घरूनच घेऊन आलेला असतो.

एवढं सगळं एका तालुक्यात कसं जमा झालं, याचं उत्तर इतिहासात आहे. हा भाग जुन्या राजुरा तालुक्यातला, आणि राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला. सीमेचा प्रश्न मात्र पूर्ण मिटला नाही. जिवती तालुक्यातल्या काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. त्या गावांत दोन राज्यांच्या शाळा चालत आल्या आहेत, एक मराठी आणि एक तेलुगू. तिथला मुलगा माध्यमिक शाळेत येतो तेव्हा दोन सरकारांचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. नागरिकशास्त्राच्या तासाला यापेक्षा जिवंत उदाहरण कुठून आणणार?

शिक्षकासाठी या डोंगरांतली सर्वांत मोठी गोष्ट १९४०च्या दशकातली आहे. जिवतीच्या दक्षिणेला, जोडेघाटच्या डोंगरात, १९४० साली गोंड नेते कुमराम भीम जमीन आणि जंगलाच्या हक्कासाठी निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. हा उठाव का झाला हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना तिथे पाठवलं. पुढे त्यांच्याच पुढाकाराने १९४३ साली मार्लवाई या गोंड खेड्यात शिक्षक तयार करणारं केंद्र उभं राहिलं. शिक्षक बाहेरून आणायचे नाहीत, गोंडांमधूनच घडवायचे; पहिली पुस्तकं गोंडीत काढायची आणि ती देवनागरीत छापायची, असं ठरलं. ज्या काळात या डोंगरांत लिहिता येणारा गोंड शोधावा लागे, त्या काळातली ही योजना. मुलाला आधी त्याच्या भाषेतून शिकवायचं आणि मग मोठ्या भाषांकडे न्यायचं, हे सूत्र ऐंशी वर्षांपूर्वी याच डोंगररांगेत वापरून झालं आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी शाळा सुरू केली, ती याच ओढीने.

जिवतीच्या वर्गासारखी, सर्व थरांतल्या मुलांना एकाच छताखाली शिकवणारी माध्यमिक शाळा, ही कल्पना जगात मोठी मानली जाते. फिनलंडने १९६८ साली कायदा करून सर्व मुलांसाठी एकच सामाईक शाळा ठरवली. १९७२ साली अंमलबजावणी सुरू झाली ती राजधानीत नव्हे, तर अगदी उत्तरेच्या, विरळ वस्तीच्या लॅपलंडमध्ये. हेलसिंकीच्या परिसरात ती पोचली १९७७ साली. ज्या देशाच्या शाळांची जग उदाहरणं देतं, त्याने सुरुवात आपल्या ‘अवघड क्षेत्रा’पासून केली.

आता नोकरीचं. शाळा जिल्हा परिषदेची किंवा संस्थेची असेल तर वाट शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून जाते. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास विभागाकडून. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर असतात. २०२३ साली ते माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झालं. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर, म्हणजे एक पायरी वरच्या, वेतनश्रेणीचा लाभ देणारा निर्णय २००२चा आहे. तो आपल्याला कसा लागू होतो, हे कार्यालयात विचारून घ्या. दहावीचा निकाल नागपूर विभागीय मंडळाकडून येतो, आणि वर्षभराचा ताण बहुतेक त्याचाच.

आश्रमशाळेत शिक्षकांइतकीच महत्त्वाची माणसं म्हणजे अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी आणि कामाठी. रात्री ताप आलेलं मूल आधी त्यांच्याकडे जातं. त्यांच्यापैकी कुणाला गोंडी किंवा कोलामी येत असेल, तर तो तुमचा पहिला भाषाशिक्षक समजा. पौषात जंगुबाई देवीची यात्रा असते, महाराष्ट्र-तेलंगणातले गोंड तिथे जमतात. तिची आणि दंडारीची तारीख शाळेच्या वार्षिक नियोजनात आधीच लिहून ठेवा. त्या दिवसांत रिकामा बाक दिसला तर तो अनास्थेचा पुरावा नसतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. पाच भाषांच्या वर्गात ते अक्षरशः जमणार नाही. पण हजेरीपटाशेजारी एक कोरी वही ठेवता येते. प्रत्येक मुलाची घरची भाषा, त्या भाषेतले दहापर्यंतचे आकडे, शरीराच्या अवयवांची, झाडांची, पिकांची नावं मुलांकडूनच विचारून तिच्यात लिहा. विज्ञानाचा धडा त्या नावांपासून सुरू करा. जिवतीला जाणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे: पहिली सहामाही संपेपर्यंत बदलीचा अर्ज करू नका, आणि तोवर वर्गातल्या एका तरी भाषेत मुलांशी दोन वाक्यं बोलायला शिका. त्या शाळेला शिक्षक हवेतच. शिकायला तयार असलेले शिक्षक जास्त हवेत.