चित्रण आणि प्रोजेक्टची सेटिंग : मेळ का हवा?

काही महिन्यांपूर्वी एक भगिनी आपल्या धाकट्या भावासह माझ्या कार्यालयात आल्या. त्यांच्या हाती एक डीव्हीडी होती. २००८ साली त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला, त्या दिवसाचे ते चित्रण होते. वडील पूर्वीच निवर्तले होते आणि आता आईही देवाघरी गेली होती. तिच्या पहिल्या स्मृतिदिनी हे चित्रण सर्व नातवंडांना मोठ्या पडद्यावर दाखवावे, अशी दोघा भावंडांची इच्छा होती. आम्ही डीव्हीडी लावली. काही क्षण पाहून त्या भगिनी हळूच म्हणाल्या, “फादर, आमची आई इतकी हडकुळी नव्हती हो!”

त्यांचे म्हणणे खरे होते. पडद्यावरचे सगळेच चेहरे लांबट दिसत होते. भिंतीवरचे गोल घड्याळ अंड्याच्या आकाराचे झाले होते. कोणी हात हलवला की हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा उमटत होत्या. “कॅमेरा साधा असेल,” असे भाऊ म्हणाले. परंतु कॅमेरा उत्तम होता. चूक झाली होती ती संकलनाच्या वेळी. जे चित्रण हाती होते त्याची जात न पाहता संगणकात भलत्याच मापाचा प्रोजेक्ट उघडला गेला होता. आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण सणांचे, विवाहांचे आणि नाटकांचे चित्रण स्वतः संकलित करतात. त्यांच्यासाठी हा विषय थोडा सविस्तर मांडावासा वाटतो.

प्रत्येक चित्रणाला तीन मापे असतात : चौकटीचा आकार, दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या आणि फ्रेममधील ओळींची मांडणी. संकलनाच्या प्रोजेक्टलाही हीच तीन मापे असतात. दोन्हींचा मेळ बसला तर चित्र जसे टिपले तसे दिसते. मेळ बसला नाही, तर संगणक तक्रार न करता चित्र ताणतो, दाबतो किंवा फ्रेम गाळतो. संगणकाचे हे मौनच घातक ठरते.

आकार आणि ठिपक्यांचे रूप

आपल्या देशात पूर्वी रूढ असलेल्या पाल पद्धतीत डिजिटल चित्राची चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची असे. पूर्ण हाय डेफिनिशन चौकट १९२० बाय १०८० ठिपक्यांची असते. गुणाकार केला तर हे ठिपके पालच्या बरोबर पाचपट भरतात. म्हणून जुने चित्रण मोठ्या प्रोजेक्टमध्ये ताणून बसवले की बहुतेक ठिपके संगणकाने अंदाजाने भरलेले असतात. उलटपक्षी, हाय डेफिनिशन चित्रण लहान प्रोजेक्टमध्ये घातले की मिळालेला तपशील आपण स्वतःच्या हाताने फेकून देतो.

यात एक छुपी गोम आहे. कॅनन, शार्प, सोनी आणि जेव्हीसी या कंपन्यांनी २००३ साली एचडीव्ही हा प्रकार जाहीर केला. लहान मिनीडीव्ही कॅसेटवर मोठे चित्र मावावे म्हणून त्याच्या १०८० ओळींच्या प्रकारात रुंदीला १९२० ऐवजी १४४० ठिपकेच नोंदवले जातात. मात्र प्रत्येक ठिपका चौरस नसून उंचीच्या १.३३ पट रुंद मानावा, असा संकेत असतो. १४४० ला १.३३३ ने गुणले की पुन्हा १९२० येतात. हा संकेत न पाळता चौरस ठिपक्यांचा प्रोजेक्ट घेतला की चित्राची रुंदी पाऊण होते. त्या माउलीचा चेहरा हडकुळा झाला तो यामुळेच.

दर सेकंदाच्या फ्रेम

पाल पद्धतीच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात. आजचा मोबाइल सहसा ३० फ्रेम टिपतो. मोबाइलचे चित्रण २५ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये आणले की संगणक दर सहा फ्रेमपैकी एक गाळतो, म्हणजे सेकंदाला पाच बारीक धक्के बसतात. मिरवणुकीसोबत कॅमेरा सावकाश फिरत असेल तर हे धक्के डोळ्यांना स्पष्ट खुपतात. उलट २५ चे चित्रण ३० मध्ये घातले की दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि चालणारा माणूस अडखळल्यासारखा भासतो. ५० फ्रेमचे चित्रण मात्र २५ मध्ये बिनधोक बसते, कारण तेथे एकाआड एक फ्रेम घेतली जाते आणि लय मोडत नाही.

मोबाइलची आणखी एक खोड आहे. प्रकाश कमी झाला की तो फ्रेमची संख्या आपोआप कमीजास्त करतो. असे अस्थिर चित्रण काही संकलन प्रणालींत घातले की सुरुवातीला जुळलेला आवाज पुढे सरकू लागतो आणि प्रवचनाचे शब्द व ओठ यांची फारकत होते. अशा फाइल प्रथम हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने स्थिर फ्रेमच्या करून घ्याव्यात. ३० आणि २९.९७ यांतील फरकही क्षुल्लक समजू नये. तो हजारात एक एवढाच असला, तरी गणना चुकीची झाल्यास तासाभरात सुमारे ३.६ सेकंदांची तफावत पडते.

चित्रीकरणापूर्वीच सर्वांनी एक फ्रेमसंख्या ठरवावी हे उत्तम. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवले, तर चित्रातील लुकलुक टळते.

ओळींची मांडणी

जुन्या कॅमेऱ्यांतील ‘५०आय’ या खुणेचा अर्थ असा की प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत टिपली जाते : एकात विषम क्रमांकाच्या ओळी, दुसऱ्यात सम. हे दोन भाग सेकंदाच्या पन्नासाव्या अंशाच्या अंतराने घेतलेले असतात. वस्तू हलत असेल तर दोन्ही भागांतील तिची जागा वेगळी असते. ‘पी’ म्हणजे अखंड फ्रेमचा प्रोजेक्ट घेऊन ते दोन भाग तसेच एकत्र गोठवले की फणीचे दात दिसतात. योग्य रीत अशी की असे चित्रण प्रथम सेकंदाला ५० अखंड फ्रेममध्ये रूपांतरित करावे. त्यामुळे हालचालीतील मूळचा ओघ टिकतो.

कोणता भाग आधी, हेही महत्त्वाचे आहे. पालच्या डीव्ही कॅसेटवर खालची ओळ आधी येते, तर हाय डेफिनिशनमध्ये वरची. हा क्रम उलटला की चालणारा माणूस क्षणाक्षणाला मागेपुढे थरथरतो.

मग करावे काय?

पहिले काम : प्रोजेक्ट उघडण्यापूर्वी फाइलची ओळख करून घ्यावी. मीडियाइन्फो हे मोफत साधन आकार, फ्रेमसंख्या, ओळींची मांडणी आणि फ्रेम स्थिर आहेत की अस्थिर, हे सर्व सांगते. ही माहिती कागदावर लिहून काढावी.

दुसरे : ज्या जातीचे चित्रण सर्वांत अधिक आणि सर्वांत महत्त्वाचे, तिच्या मापाचा प्रोजेक्ट घ्यावा. प्रीमियर प्रोमध्ये मुख्य क्लिपवरूनच सिक्वेन्स तयार करता येतो. फायनल कट प्रो पहिल्या क्लिपची मापे आपणहून घेऊ शकते. रिझॉल्व्हमध्ये चित्रण आत घेतल्यानंतर प्रोजेक्टची फ्रेमसंख्या बदलता येत नाही, म्हणून ती आधीच ठरवावी. मापे जुळत नसल्याची सूचना आली, तर घाईने कोणतेही बटण दाबू नये, ती वाचावी.

तिसरे : उभे चित्रण किंवा जुने चौकोनी चित्रण पडदा भरण्यासाठी ताणू नये. बाजूला काळी जागा राहिली तरी चालेल, माणसे वाकडी होऊ नयेत.

चौथे : दोन मिनिटांचा नमुना तयार करून टीव्हीवर पाहावा. गोल वस्तू गोल दिसते का, चालणारा माणूस सलग चालतो का, बोलणाऱ्याचे ओठ जुळतात का, एवढे तीन प्रश्न पुरेत.

पाचवे आणि सर्वांत मोलाचे : मूळ चित्रण पुसू नये. दाबला गेलेला चेहरा पुन्हा रुंद करता येतो, परंतु गाळलेली फ्रेम आणि एकमेकांत मिसळून गेलेल्या ओळी तयार चित्रफितीतून परत मिळत नाहीत.

त्या भावंडांना मी हेच सांगितले आणि विचारले, “मूळ कॅसेट कुठे आहे?” घरी शोधाशोध झाली. आईच्याच कपाटात, साड्यांखाली, रुमालात गुंडाळलेल्या दोन कॅसेट सापडल्या. एका परिचिताकडे अजून चालू असलेला एचडीव्ही कॅमेरा होता. फायरवायर केबलने दोन्ही कॅसेट संगणकात उतरवल्या. एका तासाच्या कॅसेटला जेमतेम ११ ते १२ गीगाबाइट जागा लागली. या वेळी प्रोजेक्टची मापे चित्रणावरून घेतली.

स्मृतिदिनी पडद्यावर आई आली ती भरल्या चेहऱ्याची, हसरी. त्या भगिनी काही बोलल्या नाहीत. फक्त भावाचा हात त्यांनी घट्ट धरला.

वाचकहो, आपल्याही कपाटात अशा कॅसेट असतील. त्या चालवणारे कॅमेरे दरवर्षी कमी होत आहेत. कॅसेट आजच बाहेर काढा, संगणकात उतरवून घ्या आणि मूळ प्रत दोन ठिकाणी जपून ठेवा. संकलन सावकाश केले तरी चालेल.