आधी माणसं, मग भिंत

एनएसएसचा कॅम्प असो, नगरपरिषदेची स्वच्छता मोहीम असो की कॉलेजचा फेस्ट, 'भिंत रंगवू या' ही आयडिया कुणीतरी मांडतंच. भिंतीवर पुढे काय येतं तेही आता पाठ झालंय. तारपा वाजवणारा वारली माणूस आणि त्याच्याभोवतीचा फेर. दोन तळहातांवर ठेवलेली पृथ्वी. फुलपाखराचे दोन पंख, ज्यांच्या मधोमध उभं राहून फोटो काढायचा. छान दिसतं, नाही असं नाही. पण तीच भिंत रातोरात उचलून सोलापुरात नेऊन ठेवली, तर कुणाच्या लक्षात तरी येईल का?

समजा, अशी एक भिंत दहिवलीत मिळाली. दहिवली म्हणजे कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीतली, उल्हास नदीकाठची. (तालुक्यात या नावाचं आणखी एक गाव आहे, म्हणून हे सांगावं लागतं.) चाळीस फूट लांब, आठ फूट उंच अशी साधी कंपाउंड वॉल. काय काढाल?

हा प्रश्न नुसता सजावटीचा नाही. कर्जतच्या रस्त्यांवर होर्डिंग बघा: सेकंड होम, वीकेंड व्हिला, माउंटन व्ह्यू. त्या चित्रांत डोंगर आहे, धुकं आहे, स्विमिंग पूल आहे. इथला माणूस मात्र एकही नाही. उद्या इथे राहायला येणाऱ्याला गावाची पहिली ओळख त्या होर्डिंगवरूनच होणार. समोरच्या भिंतीवर गावानं स्वतःबद्दल काहीच लिहिलं नसेल, तर गोष्ट एकतर्फीच राहील.

आपल्यासारखाच प्रश्न पडलेली एक भिंत लॉस एंजेलिसमध्ये आहे. तीही नदीकाठची. शहराला पुराचा धोका नको म्हणून तिथल्या नद्या-ओढ्यांना सिमेंटच्या पन्हळीत कोंबण्यात आलं होतं. त्यातल्या तुजुंगा वॉश नावाच्या कालव्याच्या भिंतीवर जुडी बाका या चित्रकार बाईंनी १९७६ साली काम सुरू केलं. सोबत प्रोफेशनल चित्रकार थोडे, वस्तीतली पोरंच जास्त. त्यातली कित्येक पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेली. पहिल्या उन्हाळ्यात ८० जण होते. १९८३ पर्यंत, उन्हाळ्यामागून उन्हाळे, चारशेहून जास्त तरुण हातांनी मिळून २,७५४ फूट भिंत रंगवली. जवळपास अर्धा मैल!

लांबीचा रेकॉर्ड सोडा, बघण्यासारखी त्यांची पद्धत आहे. रंगाचे डबे उघडायच्या आधी पोरांनी इतिहासकारांना बसवून प्रश्न विचारले, वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकल्या. मग भिंतीवर आलं काय? शाळेच्या पुस्तकात त्या काळी नसलेली माणसं. रेल्वेचे रूळ टाकणारे चिनी मजूर. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे अमेरिकन. बळजबरीनं सीमेपार धाडलेली मेक्सिकन कुटुंबं. नदीची जागा घेतलेल्या त्या सिमेंटला बाका व्रण म्हणतात, आणि चित्राला त्या व्रणावरचं गोंदण.

मुंबईत अशा भिंतींचे निरनिराळे प्रकार होऊन गेलेत. ऑगस्ट २००९ मध्ये माहीम-दादरकडच्या तुळशी पाइप रोडवर महापालिकेनं लोकांनाच बोलावलं, शेकडो जण ब्रश घेऊन आले आणि ज्यानं-त्यानं आपापला तुकडा रंगवला. धमाल आली, पण ती भिंत त्या वस्तीची झाली असं म्हणणं कठीण आहे. २०१७ च्या शेवटी घाटकोपरजवळ असल्फाची टेकडी रंगीत झाली, मेट्रोतून दिसणारी घरं एकदम पोस्टकार्डसारखी. लोक सेल्फीला येऊ लागले. रंग लागल्यानं घरातली पाण्याची लाइन मोठी होत नाही, हे मात्र तिथे राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. त्याच वर्षी ससून डॉकच्या आर्ट प्रोजेक्टमध्ये तिथेच राबणाऱ्या माणसांचे मोठाले फोटो डॉकच्या भिंतींवर लागले. तिघांतलं मला जास्त पटतं ते हेच. भिंत ज्यांची, चेहरे त्यांचे.

दहिवलीला परत येऊ. पद्धत शिकायला लॉस एंजेलिस गाठायची गरज नाही, उल्हासच्या प्रवाहासोबत बदलापूरपर्यंत उतरलात तरी पुरे. न्यायखात्यातून निवृत्त झालेल्या ना. गो. चापेकरांनी १९३३ साली 'बदलापूर (आमचा गाव)' हे पुस्तक काढलं. गावातली घरं, धंदे, अवजारं, सणवार, कोण काय खातो नि काय कमावतो, सगळ्याची नोंद. राजा नाही, लढाई नाही, फक्त गाव. कर्जत-सीएसएमटी लोकलनं रोज बदलापूर ओलांडणाऱ्या किती जणांनी हे नाव ऐकलंय? लायब्ररीत मिळालं तर चाळा. म्युरलसाठी प्रश्नावली कशी करायची याचं याहून चांगलं गाईड मला तरी माहीत नाही.

पण प्रश्न नेमका हवा. 'आजी, आपल्या गावाचा इतिहास सांगा ना' असं विचारलंत तर आजी म्हणणार, 'आमचा कसला रे इतिहास?' त्यापेक्षा विचारा, '२६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं?' २००५ चा तो दिवस उल्हासकाठी कुणी विसरलेलं नाही. आजी उठून हात वर करून दाखवेल, 'हितपर्यंत.' मग शेजारची काकू म्हणेल, 'छे, त्याच्या वर होतं.' झालं, तुमच्या म्युरलची पहिली रेघ मिळाली. पुराची खूण खऱ्या उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली ती याच नदीच्या पाण्यात. शेजारी प्लॉट घेणाऱ्यालाही त्या रेघेचा उपयोग होईल.

रेल्वेत नोकरी केलेले एखादे आजोबा गाठा. त्यांना बँकरबद्दल विचारा. घाटाची चढण ३७ फुटांना एक फूट, म्हणून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. गाडी त्यासाठी थांबते, आणि गाडी थांबते म्हणून कर्जतचा वडा खपतो. म्हणजे वडापावचा थेट संबंध सह्याद्रीच्या उताराशी! हे एका चित्रात दाखवता आलं तर रीलसाठी वेगळे पंख काढायची गरज नाही.

त्याच घाटाची दुसरी बाजू अंधारी आहे. १८६३ मध्ये बोरघाटाची लाइन सुरू झाली. १८६१ च्या सुरुवातीला तिथे ४० हजारांहून जास्त मजूर राबत होते. कॉलऱ्यानं आणि अपघातांनी त्यातले हजारोंनी मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम पुढे नेलं ते त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं. तिचं नाव निदान कागदावर आहे. डोंगर फोडणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. लॉस एंजेलिसच्या भिंतीवरचे चिनी मजूर आठवा.

शेतीचं विचारा. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशा जाती कोकणभर पेरल्या जातात. गावाचं नाव पोत्यावर लिहून फिरतंय आणि आपल्याला मात्र ते फक्त इंडिकेटरवर दिसतं.

आणि भाई कोतवाल. तालुक्यात भिंत रंगवायची म्हटली की हे नाव येणारच, यायलाच हवं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचे. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाले. आपण त्यांचा करारी चेहरा काढतो, खाली तारीख लिहितो आणि मोकळे होतो. पण त्यांनी शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी धान्यकोठी काढली होती, मुलांसाठी शाळा सुरू केल्या होत्या. धान्य मोजून देणारा भाई कुणी काढलाय का? तो काढा. बघणारा थांबेल आणि विचारेल.

आता अवघड भाग. वारली चित्रं डहाणू-तलासरी-जव्हारकडची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, त्याचा अभिमान आहेच. पण कर्जतच्या डोंगरात वाड्या आहेत त्या मुख्यतः ठाकर आणि कातकऱ्यांच्या. 'आदिवासी टच' म्हणून दहिवलीच्या भिंतीवर वारली फेर काढणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात दुसऱ्याच कुटुंबाचा फोटो लावण्यासारखं आहे. ठाकरवाडीत जा. लग्नघरी भिंतीवर काय काढायचे, कोण काढायचं, कशानं काढायचं, ते विचारा. कदाचित कुणी म्हणेल, 'ते लग्नातच काढायचं, रस्त्यावर नाही.' मग नाही काढायचं, विषय संपला. कातकरी पाड्यावरची मुलगी म्हणेल, 'आम्हाला त्या कमरेच्या फडक्यात नका काढू, मी नर्सिंगला आहे.' तेही ऐकायचं.

भांडणं होतील. आमच्या आळीचं देऊळ का नाही, त्यांचं का आहे? या समाजाचा माणूस घेतला, आमचा का वगळला? एखादे नेते पहिल्या डब्याच्या पैशांसोबत स्वतःचा फोटोही पाठवतील. ह्या कटकटीला घाबरून आपण पुन्हा फुलपाखराकडे वळतो, कारण फुलपाखरावर कुणाचंच ऑब्जेक्शन नसतं. पण ज्या चित्राबद्दल वस्तीत कुणीच भांडलं नाही, ते वस्तीनं नीट पाहिलेलंच नसतं, असं मला वाटतं. म्हणून कच्चं स्केच आधी फ्लेक्सवर मोठं छापून त्याच भिंतीवर पंधरा दिवस टांगा. खाली पेन बांधून ठेवा. लोकांना त्यावर लिहू दे, खोडू दे.

थोडं कामाचं. तोंडी 'हो, करा' यावर जाऊ नका. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा राज्यात लागू आहे, तेव्हा भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी घ्या, मग ती नगरपरिषद असो, सोसायटी असो की रेल्वे. दिवाळी झाली की सुरू करा. कर्जतच्या पावसानंतर भिंत सुकायला वेळ लागतो आणि ओल्या भिंतीवरचा रंग पापडासारखा सुटतो. शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडा, धुवा, वाळू द्या, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर लावा. एक लिटर एक्स्टिरियर इमल्शनमध्ये दोन हात दिले तर साधारण ५० ते ६० चौरस फूट होतात. आपल्या भिंतीला नुसत्या बेससाठीच सहा लिटरच्या आसपास लागेल. भडक गुलाबी आणि फ्लुरोसंट रंग उन्हात लवकर उडतात, गेरूच्या आणि पिवळ्या मातीच्या जातीचे टिकतात. सूत मारून चौकोन पाडून घ्या, म्हणजे आठवीतल्या पोरालाही आपला चौकोन भरता येतो. खालचा फूट-दीड फूट चित्रासाठी वापरू नका. रस्त्यावरचा चिखल तिथेच उडतो आणि ओलही तिथूनच चढते. तिथे गडद पट्टा द्या.

राहिली सही. राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत, पावसात तुमच्यापैकी अर्धे तिथे जाऊन आले असतील. पुढच्या वेळी धबधब्याकडे पाठ करून चैत्याच्या दर्शनी भागाकडे बघा. डाव्या हाताला एक भग्न मूर्ती आहे आणि तिच्याशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ. अर्थ असा की, कण्हाचा शिष्य बलक यानं हे घडवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरानं स्वतःसोबत गुरूचंही नाव कोरलं. आसपास गेल्या काही वर्षांत कोरलेली बदामवाली नावंही दिसतील. त्यांनी घडवलं काहीच नाही, हा फरक आहे.

तुमच्या भिंतीवरही नावं लिहा. रंगवणाऱ्यांची तर लिहाच, पण पुराची उंची दाखवणाऱ्या आजीचं, बँकरची गोष्ट सांगणाऱ्या आजोबांचं, 'असं नका काढू' म्हणणाऱ्या त्या मुलीचंही लिहा. अर्थात, त्यांना विचारून. आणि ती यादी खालच्या पट्ट्यात नको, दुसऱ्या पावसातच पुसली जाईल. डोळ्यांच्या उंचीला लिहा.