पाण्याखालच्या गावाला सायकलवरून

वाचकहो, तुमच्या घरात एक तरी सायकल असेलच. दुधाचे कॅन अडकवून डेअरीवर जाणारी असेल, मुलीला शाळेत पोचवणारी असेल, नाही तर पडवीत धूळ खात उभी असेल. या सायकलीला आज जरा निराळे काम सांगायचे आहे. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी धारा काढून झाल्या, जनावरांपुढे वैरण पडली, की तिच्यात हवा भरा आणि उजनीच्या काठाने एक फेरी मारून या. जमले तर पोरांनाही बरोबर घ्या.

ही फेरी नुसती हवा खायला नाही. या काठावर काही रस्ते असे आहेत, की ते चांगले सरळ चाललेले असतात आणि एकाएकी पाण्यात शिरतात. मोटारीतून जाणाऱ्याला ते दिसत नाहीत. सायकलवाला मात्र तिथे पाय टेकून उभा राहतो आणि विचारतो, हा रस्ता जात होता कुठे? या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे अजून काठावर आहेत. त्यांच्याकडून ते ऐकून घेण्यासाठी ही फेरी.

भीमेवरच्या या धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले आणि १९८० साली पुरे झाले. ११७ टीएमसी पाणी पोटात घेणाऱ्या या जलाशयाला यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून यशवंतसागर म्हणतात. या पाण्याने सोलापूर जिल्ह्यात ऊस उभा केला आणि सोलापूर शहराची तहान भागवली. त्यासाठी करमाळा, इंदापूर, माढा या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना आपली काळीभोर जमीन, घरे आणि देवळे सोडून वर माळावर यावे लागले. धरण पुरे झाले तेव्हा जो विशीत होता, तो आज पासष्टीच्या पुढे आहे. जुन्या गावातला पार कुठे होता, तालीम कुठे होती, पाणवठ्याची वाट कुठून उतरत होती, हे बोट दाखवून सांगणारी ही शेवटचीच पिढी.

पहिली वाट : भिगवण, डिकसळ, कुंभारगाव

नवख्याने सुरुवात इथून करावी. भिगवण हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन आहे. पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत डिकसळ आणि कुंभारगावचा काठ सावकाश पाहून होतो. डिकसळला भीमेवर इंग्रजी अमदानीतला जुना पूल आहे. तो बांधला होता आगगाडीसाठी. धरणामुळे लोहमार्ग दुसरीकडून वळवावा लागला आणि हा पूल इंदापूर व करमाळा तालुक्यांतल्या माणसांच्या ये-जा करण्याच्या कामी आला. आता तो थकला आहे. पलीकडे जायचे असेल तर पुलाची काय अवस्था आहे, रस्ता चालू आहे का, हे आधी गावात विचारून घ्या.

कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. वाकडी चोच पाण्यात उलटी धरून ते चिखलातले बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातात. त्याच खाण्यातून त्यांच्या पंखांना गुलाबी रंग चढतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंबही थंडीत इथे दिसतात. पोरांना एवढेच बजावा, की आरडाओरडा नको, दगड तर मुळीच नको. पक्षी दाखवून इथल्या कितीतरी होडीवाल्यांची चूल पेटते.

दुसरी वाट : पारेवाडी ते कंदर

ज्याच्या मांड्यांत जोर आहे त्याने करमाळ्याची बाजू धरावी. पारेवाडी स्टेशनपासून केत्तूर, पुढे जेऊर, वांगी आणि कंदर अशी ही वाट आहे. या वाटेवर गावांच्या पाट्या नीट वाचा. केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन. वांगी नंबर एक, दोन, तीन. परक्याला वाटते, हे काय शाळेतले वर्ग आहेत? पण त्या आकड्यांत गावाची सारी कहाणी आहे. एक गाव उठले आणि माळावर दोन-तीन ठिकाणी विखरून बसले. नाव कुणीच सोडले नाही, म्हणून आकडे लावावे लागले.

आज याच माळावर ऊस आणि केळी डोलताना दिसतात. कंदरची केळी तर परदेशी जातात. ज्या पाण्याने जमीन घेतली त्याच पाण्यावर मोटारी बसवून, मैलोगणती पाइपलाइन टाकून या लोकांनी खडकाळ रानाची बागायत केली. हे फुकट मिळालेले नाही, हे पोरांना समजले पाहिजे. पाइपलाइन कुठून सुरू होते आणि रानात कुठे पोचते, हे सायकलवरून जाताना डोळ्यांना दिसते.

तिसरी वाट : पळसदेव

ही वाट उन्हाळ्यातली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ जलाशयात आहे. पाणी उतरले की आधी शिखर दिसू लागते, आणि फारच ओसरले तर माणसे चालत देवळापर्यंत जातात. उजनीत चौसष्ट टीएमसीच्या आसपास साठा मृत धरला जातो. त्याला हात लागला, की साठा ‘उणे’ झाला म्हणतात. देऊळ उघडे पडणे म्हणजे पाहुण्याला मौज आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा. दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच तिथे हात जोडा.

पाणी हटलेल्या जागी लोक गाळपेर करतात. त्या रानात सायकल घालू नका. एक तर कुणाचे तरी पीक तुडवले जाते, आणि दुसरे म्हणजे वरून वाळलेल्या पापुद्र्याखाली ओला गाळ असतो. माणूस गुडघाभर रुततो.

निघण्यापूर्वी

काठाला वेडी बाभूळ माजली आहे आणि तिचा काटा टायरचा वैरी. पंप, पान्हा, सोल्यूशन आणि रबराची ठिगळे पिशवीत असू द्या. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून जोराचा असतो. म्हणून जाताना वाऱ्याला तोंड द्या, म्हणजे दमल्यावर परतताना तोच पाठीवर हात ठेवील. पुणे–सोलापूर हमरस्त्यावर पोरांना सायकल चालवू देऊ नका. आतले गावरस्ते धरा. गाळपाच्या हंगामात तिथेही उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॉली दिसली की साइडपट्टीवर उतरून उभे राहा, आणि अंधार पडायच्या आत घर गाठा.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. कुगावच्या काठावरून कळाशीचा काठ डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने मोठा वळसा पडतो. म्हणून लोक पिढ्यानपिढ्या होडीने जातात, सायकली-मोटारसायकलीही तीत चढवतात. २१ मे २०२४ रोजी या दोन गावांदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आकाश काळवंडले असेल, होडीत गर्दी असेल किंवा अंगात घालायला जीवरक्षक जाकीट नसेल, तर होडीत पाय ठेवू नका. वळसा पडला तरी पडू द्या. सायकलवाल्याला वळशाचे भय कशाला?

फेरीवर निघताना जमले तर घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला काठावर येऊन बसायला सांगा. त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून आणा. पोरे सायकलवर पोचली की त्यांच्या शेजारी बसवा आणि म्हणा, “आजोबा, आपलं घर कुठं होतं, ते जरा दाखवा.” आजोबा बोट दाखवतील तिथे नुसते पाणी असेल. पण पोरांना तिथे अंगण दिसू लागेल, आणि पाटीवरचा तो आकडा कशाचा, हे त्यांना पुन्हा कुणी सांगावे लागणार नाही.