हरवलेल्या मेमरीची रुजवात

नाशिकरोड येथे १९२५ साली सुरक्षा मुद्रणालय स्थापन झाले आणि तोवर लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येणारी टपालाची तिकिटे या देशातच छापली जाऊ लागली. पुढे १९२८ साली तेथेच चलनी नोटांच्या छपाईस आरंभ झाला. अशा मुद्रणालयांत छपाईच्या कौशल्याइतकाच कागदाचा हिशेब मोलाचा मानला जातो: कोठारातून जो ताव निघाला तो छापलेला, बिघडलेला वा कोरा, कोणत्या ना कोणत्या सदराखाली परत जमा झालाच पाहिजे, आणि बिघडलेला ताव नष्ट करावयाचा तर तोही नोंद करूनच. संगणकाच्या पडद्यावर अक्षरे व चित्रे रेखाटणाऱ्या ग्राफिक्स लायब्ररीला मेमरीच्या बाबतीत हाच शिरस्ता पाळावा लागतो. तो मोडला म्हणजे जो विकार जडतो त्याला त्या व्यवसायातील लोक मेमरी लीक म्हणतात. त्या विकाराच्या निदानाची विद्या आणि त्या विद्येचे प्रमुख यंत्र यांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

उदाहरणादाखल कैरो ही लायब्ररी घेऊ. कीथ पॅकार्ड आणि कार्ल वर्थ यांनी आरंभिलेली आणि २००५ साली पहिल्या पूर्ण आवृत्तीच्या रूपाने प्रसिद्ध झालेली ही लायब्ररी लिनक्सवरील असंख्य प्रोग्रॅमांची रेखाटने करते. मराठी मजकुरातील जोडाक्षरांची जुळणी हार्फबझने ठरवून दिली की त्या अक्षरांची प्रत्यक्ष आकृती काढण्याचे काम बहुधा हिच्याच वाट्याला येते. ती सी भाषेत लिहिलेली आहे, आणि सी भाषेचा दंडक असा की, मॅलॉक या फंक्शनकडून जी मेमरी मागून घेतली ती फ्री या फंक्शनच्या द्वारे परत करण्याची जबाबदारी सर्वस्वी मागणाऱ्याची. एकच चित्रपृष्ठ अनेक ठिकाणी वापरात असते, म्हणून कैरो प्रत्येक पृष्ठावर त्याच्या वापरकर्त्यांची गणती ठेवते. नवा ताबेदार आला की आकडा एकाने वाढतो, जुना सुटला की एकाने घटतो, आणि शून्यावर येताच पृष्ठ मोडीत निघते. आकडा वाढवून तो घटविण्यास कोणी विसरला, तर मालक निघून गेल्यावरही ते पृष्ठ जागा अडवून बसते.

या विसराळूपणाची किंमत ग्राफिक्सच्या क्षेत्रात विशेष जबर असते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या एका पूर्ण पडद्याच्या चित्रास, प्रत्येक ठिपक्यास चार बाइट या दराने, ८२,९४,४०० बाइट लागतात. समजा, सिंहस्थाच्या गर्दीत तपोवनात लावलेला एखादा सूचनाफलक मिनिटास एक असे चित्र परत करावयाचे विसरला, तर दिवसाअखेर सुमारे १२ गिगाबाइट मेमरी निष्कारण अडून राहील आणि पर्वणीचा दिवस मावळण्यापूर्वीच फलक बंद पडेल. कार्यालयात दोन तास चालवून बंद केलेल्या त्याच प्रोग्रॅममध्ये मात्र हा दोष कोणाच्या नजरेसही यावयाचा नाही.

अशा दोषांचा शोध घेणारी यंत्रे नवी नाहीत. पुढे नेटफ्लिक्सचे एक संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेले रीड हेस्टिंग्ज यांच्या कंपनीचे प्युरिफाय हे साधन १९९० नंतरच्या दशकात याच कामासाठी नावाजले गेले होते. ते विकत घ्यावे लागे. २००२ साली ज्युलियन सीवर्ड यांनी व्हॅलग्रिंड खुले करून ही तपासणी सर्वांस मोफत उपलब्ध करून दिली. व्हॅलग्रिंड तपासावयाचा प्रोग्रॅम प्रत्यक्ष प्रोसेसरवर जसाच्या तसा चालू देत नाही. त्याच्या आज्ञा तुकड्यातुकड्यांनी उचलून, मध्ये स्वतःच्या चौकशीच्या आज्ञा पेरून, मग त्या चालविते, आणि मॅलॉक व फ्री यांच्या जागी आपले कारकून बसवून प्रत्येक देवघेवीची, ती कोणत्या फंक्शनातून झाली त्या वंशावळीसह, नोंद ठेवते. एवढी चौकस नोंद म्हटल्यावर प्रोग्रॅमचा वेग कित्येक पटींनी मंदावतो, याचे आश्चर्य वाटावयास नको.

प्रोग्रॅम संपताना व्हॅलग्रिंड रुजवात घालते. ज्या मेमरीचा पत्ता कोठेच शिल्लक नाही ती निश्चित हरवलेली, म्हणजे बेवारस; जी अशा बेवारस मेमरीच्या आश्रयाने होती ती तिच्यामागोमाग हरवलेली; जिच्या मध्यभागाचा पत्ता तेवढा सापडतो ती संशयास्पद; आणि जिचा पत्ता प्रोग्रॅमपाशी अखेरपर्यंत आहे ती परत न केलेली पण हाताशी असलेली, अशी चार सदरे ती पाडते. नवशिके यातील चौथ्या सदरावर तुटून पडतात, वस्तुतः पहिले सदरच प्रथम वाचावयाचे असते. कैरो आपली फॉन्टची कोठारे प्रोग्रॅम संपेपर्यंत जाणूनबुजून राखते आणि ती चौथ्या सदरात दिसतात. हा गलबला टळावा म्हणून कैरोच्या कर्त्यांनी ही कोठारे शेवटी रिकामी करणारे एक खास फंक्शनच लायब्ररीत ठेवले आहे.

परंतु मेमरी वाढते आहे आणि तरीही बेवारस काहीच सापडत नाही, असा प्रसंग पुष्कळदा येतो, आणि निदानाची खरी कसोटी तेथेच लागते. एकदा काढलेल्या अक्षराकृती पुन्हा काढाव्या लागू नयेत म्हणून त्या साठवून ठेवल्या जातात. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या आकृती रोमन लिपीच्या कितीतरी पट, आणि त्यातून मजकूर हळूहळू मोठा होत जाणारा देखावा असेल तर प्रत्येक आकारासाठी नवा संच. कैरो अशा साठ्यास मर्यादा घालते. पण तिच्यावर बेतलेल्या प्रोग्रॅमने स्वतःचा वेगळा साठा उघडून त्यास मर्यादाच घातली नसेल, तर प्रत्येक वस्तूस मालक असूनही कोठार फुगत जाते. दुसरा प्रकार विखंडनाचा: परत आलेल्या लहानमोठ्या तुकड्यांच्या मध्ये अद्याप वापरातील तुकडे अडकून पडल्याने मोकळी जागा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जमा करता येत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्यास प्रोग्रॅमने ती बळकावल्याचा भास होतो.

जावास्क्रिप्टसारख्या, वापरून झालेल्या मेमरीची आपोआप सफाई करणाऱ्या भाषांतही सुटका नाही. जावास्क्रिप्टच्या बाजूने पाहिले तर एका चित्राचा दाखला अवघ्या काही बाइटांचा, आणि त्यामागे सीच्या बाजूस अडलेली मेमरी कित्येक मेगाबाइटांची. सफाई करणाऱ्यास हा भार दिसतच नाही, म्हणून तो निवांत बसतो. २०१८ साली ग्नोम शेल या डेस्कटॉपच्या वाढत्या मेमरीची जी बहुचर्चित चौकशी झाली, तिच्यात निष्पन्न झाले ते हे की, वस्तू हरवलेल्या नव्हत्या, त्यांची सफाई उशिरा होत होती. शिवाय ग्राफिक्स कार्डाच्या स्वतंत्र मेमरीत ठेवलेली चित्रे व्हॅलग्रिंडच्या अधिकारक्षेत्राबाहेर पडतात. तेथे, ग्राफिक्स कार्डाशी व्यवहार करणाऱ्या व्हल्कन या प्रणालीचे व्हॅलिडेशन लेयर, म्हणजे डिव्हाइस बंद करताना परत न केलेल्या वस्तूंची यादी देणारे तपासनीस, कामास लावावे लागतात.

म्हणून जाणकार मनुष्य तर्क लढविण्यापूर्वी मोजमाप करतो. तो संशयित कृती, खिडकी उघडणे व मिटणे म्हणा, शेकडो वेळा करवितो. आरंभीची स्वाभाविक वाढ सोडून देतो. आणि मग व्हॅलग्रिंडच्याच कुटुंबातील मॅसिफकडून ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदींचा आलेख पाहतो. आलेख चढून सपाट झाला तर तो साठा. प्रत्येक फेरीस सारख्याच पायरीने चढत राहिला तर गळती किंवा अमर्याद साठा. आणि मॅसिफचा आलेख सपाट असूनही ऑपरेटिंग सिस्टिमचा आकडा चढत असेल तर विखंडन अथवा मॅलॉकबाहेरची मेमरी, असा विवेक केल्यावरच दुरुस्तीस हात घालावा.

आपल्याकडे मात्र प्रोग्रॅम मंदावला की अधिक मेमरीची मागणी होते, ती मंजूर होते, आणि दोष तसाच राहून काही काळाने तीच मागणी पुन्हा दफ्तरी येते. मागणीवर सही करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने असा एक आलेख आणि व्हॅलग्रिंडचा एक अहवाल मागून घ्यावा, आणि नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ही दोन्ही साधने प्रयोगशाळेत पहिल्या वर्षीच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. त्यांना मोल पडत नाही, आणि ती वापरण्यास लागणारी चिकाटी शिकविता येण्याजोगी आहे.