खेळतां खेळतां गणित

गणित रुक्ष आहे, अशी तक्रार घरोघरीं ऐकूं येते. परंतु रुक्षपणा गणितांत असतो कीं शिकविण्याच्या रीतींत, याचा विचार क्वचितच होतो. प्राथमिक इयत्तांतच अंकांची धास्ती बसली, म्हणजे ‘मला गणित येत नाहीं’ हा स्वतःविषयींचा सिद्धान्त मूल कायमचा पाठ करून ठेवतें. ही धास्ती बसूं न देणें हें शाळेइतकेंच घराचेंहि काम आहे.

आपल्या पूर्वसूरींनीं हें ओळखलें होतें. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त भुंग्यांचे थवे आणून उदाहरणांचीं कोडीं केलीं.

अलीकडचें उदाहरण तर ठाणें-डोंबिवलीकरांच्या अंगणांतलेंच आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील डहाणूचा आणि माध्यमिक शिक्षण ठाण्याचें. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तरकी करणाऱ्या या गृहस्थांचें नांव केवळ अंकांशीं खेळण्याच्या नादानें जगभर झालें. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांस त्यांनीं स्थानकाच्या तत्कालीन नांवावरून ‘डेम्लो’ संख्या म्हटलें.

त्यांवरून घरीं एक खेळ मांडावा. धाकट्या मुलाकडून नऊ चिंचोके, तीन ओळींत तीन तीन, असे चौरस लावून घ्यावे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरप्या ओळी मोजल्या कीं येतात १, २, ३, २, १. तोंवर थोरल्यानें पाटीवर १११ ला १११ नें गुणावें. उत्तर येतें १२३२१! याचें कारण उघड आहे. गुणाकार मांडतांना १११ तीनदां, प्रत्येक वेळीं एक घर सरकवून लिहिले जातात. म्हणून उभ्या रकान्यांत तितकेच एक जमतात. सोळा चिंचोक्यांनीं ११११ च्या वर्गाचे अंक मिळतात. नऊ एकांपर्यंत हा क्रम टिकतो. दहा एक घेतले कीं हातचा येतो व क्रम मोडतो. हें आधीं सांगूं नये, मुलासच सांपडूं द्यावें. नियम कोठवर चालतो हें तपासणें, हेंच गणिती बुद्धीचें लक्षण होय.

वजाबाकीसाठीं कापरेकरांचाच १९४९ मधील शोध घ्यावा. चारी अंक सारखे नाहींत अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी, व उत्तरावर हीच क्रिया करीत जावें. २३४५ घेतल्यास:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढें कितीहि वेळां केलें तरी ६१७४ च येतात. सातांहून अधिक पायऱ्या कधींच लागत नाहींत. वहीभर हातच्यांचा सराव न रागावतां होतो, आणि सातव्या पायरीपर्यंत ६१७४ न आल्यास मूल आपली चूक आपणच हुडकूं लागतें.

वडील मंडळींनीं मात्र पथ्य पाळावें. घड्याळ लावूं नये, भावंडांची तुलना करूं नये, आणि उत्तर ठाऊक असलें तरी गप्प बसावें. स्वतः शोधलेलें एक उत्तर पढविलेल्या दहा उत्तरांहून मुलास अधिक धीर देतें.