नवा टीव्ही : घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

मैत्रिणींनो, दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी एक विषय हमखास निघतो : ‘आता हा जुना टीव्ही काढून टाकू या!’ मुलांना भिंतभर पडदा हवा असतो, घरच्या पुरुषमंडळींना क्रिकेट. आणि आपल्याला? मालिका नीट दिसावी, सासूबाईंना संवाद ऐकू यावेत, आणि भिशीचे पैसे घालून आणलेली वस्तू चार वर्षं तरी कुरकुर न करता चालावी, एवढंच. पण दुकानात पाऊल टाकलं की विक्रेता फोर के, क्यूएलईडी, डॉल्बी अशी शब्दांची सरबत्ती सुरू करतो, आणि आपण मान डोलावून बाहेर पडतो. तसं होऊ नये म्हणून हा लेख.

दुकानात जाण्याआधी घरी टेप काढा. टीव्हीचे इंच म्हणजे रुंदी नव्हे, एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं माप. ४३ इंची पडदा प्रत्यक्षात साधारण साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच असतो. ५५ इंची जवळजवळ चार फूट रुंद. त्यात हल्लीच्या बऱ्याच संचांचे पाय दोन टोकांना असतात. जुन्या शोकेसच्या खणात किंवा टीपॉयवर ते बसतच नाहीत! तेव्हा दोन पायांमधलं अंतर विचारून घ्यायला लाजू नका.

मग सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. पडद्याच्या इंचांची दीडपट ते दुप्पट, एवढं अंतर डोळ्यांना सोसतं. म्हणजे ४३ इंचीसाठी साडेपाच ते सात फूट, ५५ इंचीसाठी सात ते नऊ फूट. दहा बाय दहाच्या खोलीत ६५ इंची आणून पहिल्या रांगेत बसल्यासारखी मान वळवत बसण्यात काय हशील? एक बदल मात्र लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे ‘बत्तीस इंचीच घ्या, कर कमी लागतो’ हा जुना हिशेब आता उरलेला नाही.

आता त्या अवघड शब्दांकडे वळू. नुसतं ‘एलईडी’ म्हणजे पडद्यामागे बारीक दिव्यांच्या पट्ट्या. क्यूएलईडीतही मागे तेच दिवे असतात, पुढे रंग खुलवणारा एक विशेष थर येतो. ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून काळा रंग खराखुरा काळा दिसतो. चित्र देखणं, किंमतही तशीच. पण ज्या घरात सकाळपासून बातम्यांची एकच वाहिनी चालू असते, तिथे तो घेताना विचार करा. एकाच जागी तासन्‌तास राहणाऱ्या बोधचिन्हाचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती त्याला असते. आणखी एक परीक्षा दुकानातच करा. संचासमोर उभ्या न राहता बाजूला सरका. आपल्या घरी कोणी सोफ्यावर, कोणी जेवणाच्या टेबलाशी, कोणी स्वयंपाकघराच्या दारात उभं असतं. बाजूने पाहिल्यावर चेहरे फिकुटले, तर तो संच आपल्या कामाचा नाही.

आणि दुकानातल्या झगमगाटाला भुलू नका! तिथे सगळे संच मुद्दाम भडक करून ठेवलेले असतात. घरी आणल्यावर ‘व्हिव्हिड’ काढून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ लावा. नटीच्या चेहऱ्यावरची हळद उतरते.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. ‘अहो, चाळीस हजार मोजले, आणि चित्र जुन्या डबड्यापेक्षा वाईट!’ घरात यावरून रुसवेफुगवे होतात, संच परत करण्यापर्यंत मजल जाते. बिचाऱ्या टीव्हीचा यात बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. असं बघा, साध्या वाहिनीचं चित्र असतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाख ठिपके. फोर के पडद्यावर ठिपके असतात सुमारे ८३ लाख. म्हणजे आलेला एकेक ठिपका वीस ठिपक्यांवर पसरावा लागतो. मूठभर पिठात मोठी परात भरून पोळी लाटली तर ती विरविरीत होणारच! जुना संच लहान होता, म्हणून ते झाकलं जात होतं.

यावर उपाय आहे. आधी सेट-टॉप बॉक्सची मागची बाजू पाहा. लाल, पांढरी, पिवळी अशी तीन टोकांची वायर लावलेली असेल, तर चित्र कधीच स्वच्छ यायचं नाही. एचडी बॉक्स मागून घ्या आणि एचडीएमआयची एकच चपटी वायर लावा. मग आवडत्या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या घेतल्या आहेत का, ते पाहा. सगळ्या घ्यायची गरज नाही. रोज पाहता त्या दोन-तीन पुरेत. माणसं बुटकी आणि जाडी दिसत असतील, तर चौकोनी चित्र ओढून रुंद केलेलं असतं. ‘पिक्चर साइज’ बदला. आणि जुना सिनेमासुद्धा मालिकेसारखा गुळगुळीत, घाईघाईत सरकतोय असं वाटलं, तर ‘मोशन’ नावाने जी काही सोय असेल ती बंद करा. (ही सोय कारखान्यातूनच चालू करून का पाठवतात, देव जाणे!)

आवाजाचं दुखणंही नव्याच काळातलं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या काळातला संच आठवतो? शटरचं लाकडी कपाट आणि समोर जाळीमागे कर्णा. आताचे संच बोटभर जाडीचे. कर्णे बसवायला जागा नाही म्हणून ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. म्हणून संगीत दणाणतं आणि संवाद विरतात. ‘साउंड’मध्ये ‘क्लियर व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ अशी सोय असते, ती लावून पाहा. ऐकू कमी येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ब्लूटूथचे हेडफोन जोडता येतात. मात्र बऱ्याच संचांत ते जोडले की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो. तेव्हा घेण्याआधी दुकानदाराकडून दोन्ही आवाज एकदम चालू करून दाखवून घ्या.

भिंतीवर टांगायचा असेल, तर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पडद्याचा मध्य यावा. जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. छताखाली फोटोसारखा लावला की मानेचं दुखणं पदरात. सिपोरेक्सची हलकी भिंत असेल तर बसवणाऱ्याला आधीच सांगा. तिला वेगळे खिळे लागतात. आणि घरात रांगतं, धरून उभं राहणारं मूल असेल, तर टीव्ही नुसता स्टुलावर किंवा अरुंद टेबलावर ठेवूच नका. हे पातळ संच हलके वाटले तरी पुढे कलंडतात. भिंतीवर पक्का बसवा, नाही तर मागून पट्ट्याने बांधून ठेवा. वायरही लोंबती ठेवू नका, मूल तीच ओढतं.

विजेच्या बिलाची धास्ती फारशी बाळगू नका. ८० वॅटचा संच रोज पाच तास चालला, तर महिन्याला बारा युनिट होतात. स्टॅबिलायझर हवाच का? संचाच्या मागे छापलेलं असतं. तिथे १०० ते २४० व्होल्ट असं असेल, तर दाब कमी होण्याची फिकीर तो स्वतःच करतो. पण वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढा आणि छत्रीवरून येणारी वायरही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेचा झटका वायरवाटे आत शिरतो. (त्याच पावसात छत्रीचं चित्र गेलं तर मात्र घाबरू नका. ढग दाट झाले की लहरी पोचत नाहीत, पाऊस ओसरला की येतं.)

बाकी किरकोळ रुसवे आपणच काढायचे. पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं, तर दहापैकी आठ वेळा कोणीतरी ‘सोर्स’चं बटण दाबलेलं असतं. सेट-टॉप बॉक्स ज्या भोकात लावलाय, तोच एचडीएमआय क्रमांक निवडा. रिमोट चालेना? सेल बदला, आणि मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून चालू-बंदचं बटण दाबा. कॅमेऱ्यात दिवा लुकलुकताना दिसला, तर रिमोट ठीक आहे. संच मंदावला, अडकला, तर भिंतीतला प्लग काढून पाच मिनिटं थांबा; न लागणारी ॲपं काढून टाका. चार-पाच वर्षांनी स्मार्टपणा फारच मंदावला, तर अख्खा टीव्ही बदलायचा नाही. काही हजारांत मागे लावायची काडी मिळते, ती लावली की संच पुन्हा तरतरीत.

आता खऱ्या पैशांचा प्रश्न. आवाज येतोय, पण पडदा काळाठिक्कर. कारागीर येतो, दोन मिनिटं पाहतो आणि म्हणतो, ‘बाई, पॅनल गेलं. नवाच घ्या.’ थांबा! तो यायच्या आधीच एक करा. खोलीत अंधार करून, टीव्ही चालू ठेवून, टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरपा धरा. अंधुक का होईना, माणसं हलताना दिसली, तर पॅनल शाबूत आहे आणि बहुधा मागच्या दिव्यांची पट्टी किंवा तिला वीज पुरवणारा भाग गेलाय. हे दुरुस्त होतं, आणि नव्या संचाच्या मानाने बऱ्याच कमी खर्चात. पडद्याला तडा गेला असेल, तर मात्र कारागीर खरं बोलतोय; नव्या पॅनलची किंमत नव्या संचाच्या जवळपास जाते, आणि मार लागून झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. म्हणूनच संच घरी आला की खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा, आणि पांढऱ्या, लाल, हिरव्या रंगाने पडदा भरून डाग आहेत का ते पाहा. पक्कं बिल घ्या, त्यावर संचाचा अनुक्रमांक लिहून घ्या. कंपनी दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

साफसफाईचं राहिलंच. काचेचा स्प्रे, ओला फडका, जुन्या साडीचा तुकडा, यातलं काहीही नको. संच बंद करून गार होऊ द्या आणि मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने हलक्या हाताने पुसा. बोटांचे तेलकट डाग असतील, तर कापडाला पाण्याचा किंचित हात लावा; पाणी थेट पडद्यावर कधीही उडवू नका. ओघळ खालच्या कडेतून आत शिरतो, आणि आठवडाभराने पडद्यावर रेघा येतात.