पडवीतली येझदी: किती दुरुस्त करायची, कुठे थांबायचं?



गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आमच्या गटाच्या मासिक बैठकीत कर्जाची एक वेगळीच मागणी आली. शेळ्या, शिलाई मशीन, मुलांची फी, कोकमाचा हंगाम ही कारणं आम्हाला पाठ आहेत. पण आमची एक ताई म्हणाली, "60,000 रुपये हवेत. ह्यांची येझदी नवी करून घ्यायची आहे."

बैठकीत क्षणभर कोणी बोललं नाही. ताईचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची 1984 सालची येझदी गुहागरातल्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. याच गाडीवर नारळाची पोती बांधून ते शृंगारतळीच्या बाजाराला जायचे. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाला वाटत होतं, गणपतीत घरी येऊ तेव्हा बाबांची गाडी शोरूममधून आणल्यासारखी दिसावी.

एक काकू म्हणाल्या, "भंगारवाल्याला दे आणि मोकळी हो." दुसरी म्हणाली, "तिच्या नवऱ्याची आठवण आहे, आपण कोण नाही म्हणणारे?" दोघींचंही आम्हाला पटलं आणि दोघींचंही पुरतं पटलं नाही. म्हणून आम्ही ठराव पुढच्या बैठकीवर ठेवला आणि महिनाभर चौकशी केली. ती चौकशीच आज तुम्हाला सांगतो. तुमच्या घरी येझदी नसेल, राजदूत, बुलेट, चेतक किंवा लूना असेल, तरी हिशेब तोच आहे.

ही गाडी कुठली?

येझदी बनायची म्हैसूरला, आयडियल जावा या कंपनीत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनू लागल्या. 1973 पासून त्याच घडणीची गाडी येझदी या नावाने निघाली. कारखाना 1996 ला बंद पडला. तिला ओळखायची खूण म्हणजे सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. शिवाय किक आणि गिअर एकाच दांडीवर: दांडी वर फिरवली की किक, खाली घेतली की गिअर.

जावा 2018 ला आणि येझदी 2022 ला नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणल्या. पण त्या गाड्यांची इंजिनं वेगळी. त्यांचे पार्ट जुन्या गाडीला बसत नाहीत. जुने पार्ट मिळतात, पण शोधावे लागतात आणि त्यात नकलीही असतात. म्हणून मूळ पार्ट दुरुस्त होत असेल तर बदलू नये आणि बदललाच तर जुना फेकू नये.

दुरुस्तीच्या तीन पायऱ्या

आपल्या घरातलं तांब्या-पितळेचं भांडं आठवा. ते नुसतं धुऊन-पुसून ठेवता येतं. वापरायचं असेल तर आतून कल्हई लावून घेतो. आणि कोणी हौसेने ते मशीनवर घासून लखलखीत केलं, तर कधीकधी त्यावर आजीने घातलेलं नावही पुसट होतं.

गाडीचंही तसंच. पहिली पायरी जतन: गंज थांबवायचा, गाडी कोरडी ठेवायची, चालवायची नाही. दुसरी पायरी चालती करणं: इंजिन, ब्रेक, टायर, वायरिंग ठीक करून गाडी रस्त्यावर आणायची, रूप आहे तसं ठेवायचं. तिसरी पायरी म्हणजे पूर्ण उघडून नवी करणं: प्रत्येक नट सोडवायचा, जुना रंग काढायचा, नवा रंग, नवं क्रोम, नवी सीट.

ताईच्या मुलाने अंदाज आणला होता तो तिसऱ्या पायरीचा. आम्ही कागद घेऊन त्याचे दोन भाग केले. इंजिन, ब्रेक, टायर-ट्यूब, केबल आणि वायरिंगचे होत होते 25,000. उरलेले 35,000 रंग, क्रोम आणि सीटचे होते. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा दिसण्यावर जात होता. तुम्हीही असा अंदाज आला की आधी त्याची फाळणी करून घ्या. गॅरेजवाल्याला सांगा, "चालायला काय लागेल ते एका बाजूला लिही आणि दिसायला काय लागेल ते दुसऱ्या बाजूला."

पहिला प्रश्न: गाडी काय काम करणार?

आम्ही ताईला हे विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मुलगा आला की फिरवील. एरवी भाचा आठवड्यातून एकदा आगरातला माल नेईल." म्हणजे गाडी वापरातली राहणार होती. वापरातल्या गाडीला सर्वांत आधी थांबता आलं पाहिजे. येझदीला पुढे-मागे ड्रमचे ब्रेक असतात. त्यामुळे ब्रेक शू, केबल आणि टायर यांना पहिला मान. टायर वरून चांगला दिसला तरी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. ते बदलायचंच.

जुन्या येझदींना बहुधा 6 व्होल्टची बॅटरी असते आणि दिवा मंद पडतो. आपल्याकडच्या वळणाच्या, काळोख्या रस्त्यांवर ते धोक्याचं आहे. 12 व्होल्टचा बदल करून घेता येतो. हा बदल करावा, कारण तो परत फिरवता येतो. फक्त काढलेले पार्ट चिठ्ठी लावून डब्यात ठेवा.

दुसरा प्रश्न: कागद कोणाच्या नावावर?

इथे आम्ही सगळ्याच चपापलो. गाडी अजून यजमानांच्याच नावावर होती. मालक वारला तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि गाडी ठेवायची असेल तर 3 महिन्यांच्या आत नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. त्यासाठी नमुना 31 भरतात. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी आणि वारसांचे कागद लागतात. उशीर झाला तर दंड भरून काम होतं, पण होतं.

मुलगा सहज म्हणाला, "माझ्या नावावर करू." तेव्हा बैठकीतल्या एका वहिनीने विचारलं, "कर्ज आई फेडणार, तर गाडी आईच्या नावावर का नको?" ताई म्हणाली, "मला कुठे चालवता येते?" तायांनो, गाडी चालवायला लायसन्स लागतं, मालक व्हायला लागत नाही. घराची घरपट्टी, जमिनीचा सातबारा यांबद्दल आपण जे बोलतो तेच गाडीलाही लागू आहे. मुलाने ते मान्य केलं.

पुढे नोंदणीचं नूतनीकरण. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर दर 5 वर्षांनी गाडी तपासून मुदत वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसीही लागते. फी वेळोवेळी बदलते, म्हणून त्या दिवशीचा आकडा आरटीओतूनच घ्या. हा खर्च गॅरेजच्या अंदाजात नसतो, आपणच लिहायचा.

"आमची गाडी व्हिंटेज करून घेऊ," असं कोणी म्हणेल. केंद्राचा तो नियम 2021 साली आला. गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे आणि ती 10 वर्षं चालते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला ती नेता येत नाही. ताईची गाडी 1984 ची, म्हणजे तो प्रश्नच नव्हता.

तिसरा प्रश्न: काय एकदा गेलं की परत येत नाही?

पहिली गोष्ट म्हणजे नंबर. चेसिसवर आणि इंजिनवर कोरलेले नंबर आरसीशी जुळावे लागतात. रंग काढताना ग्राइंडर फिरला किंवा जाड पावडर कोटिंग बसलं, तर नंबर वाचता येत नाही आणि आरटीओत गाडी अडकते. गाडी गॅरेजात देण्याआधी दोन्ही नंबरांचे फोटो काढा. नंबरच्या जागेला हात लावायचा नाही, हे लिहून द्या.

दुसरी गोष्ट, सिलिंडरचा बोअर. बोअर मारला की मोठा पिस्टन बसवावा लागतो आणि हे मोजक्याच वेळा करता येतं. म्हणून "बोअर-पिस्टन करून टाकू" म्हणणाऱ्याला आधी माप घेऊन दाखवायला सांगा. उभ्या गाडीला जोरात किकही मारू नका. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, रात्रभर ठेवा आणि मग हळूच फिरवून बघा. टू-स्ट्रोक गाडीची क्रँकची ऑइल सीलं मात्र सुकलेली असतात. ती नवी टाका, नाहीतर आत हवा ओढून इंजिन तापतं आणि जाम होतं.

तिसरी गोष्ट मूळ रंग. नवा रंग केव्हाही देता येतो, पण जुना काढला की संपला. ताईच्या गाडीच्या टाकीवर दोन्ही बाजूंना गुडघे घासून रंग उडालेला होता. मेकॅनिक म्हणाला, "हे पहिलं घासून काढू." ताई काही बोलली नाही, नुसता त्या जागेवर हात ठेवला. मुलाने ते पाहिलं आणि टाकीचा रंग ठेवायचं तिथेच ठरलं. साध्या साबणाने धुऊन, कोरडं करून, मेणाचा पातळ हात दिला. खालून जिथे गंज होता तेवढाच घासून रेड ऑक्साइड लावलं.

टाकीच्या आतला गंज मात्र काढावाच लागतो, नाहीतर कार्बोरेटर तुंबतो. आणि सावध राहा: रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते. टाकीला घरी कोणी वेल्डिंग लावू नये.

आपला खारा वारा

पुण्या-कोल्हापूरकडे चालणारी दुरुस्ती गुहागरात तशीच टिकत नाही. समुद्र इतका जवळ आहे की क्रोम भराभर डागाळतं. क्रोमवर घातलेला पैसा इथे सर्वांत आधी वाया जातो. तोच पैसा चेसिसच्या आतल्या बाजूला, नट-बोल्टला आणि वायरिंगच्या जोडांना गंजरोधक लावण्यात घाला. किनाऱ्यावरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवा. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आत दमट हवा कोंडते. सुती कापड घाला आणि गाडी हवेशीर ठेवा.

हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. म्हणून पेट्रोलचे पाइप नवे टाका आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. या गाडीला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. साधारण एका लिटरला 40 मिली, म्हणजे 5 लिटरला 200 मिली. हे भाच्याला पाठ करून घ्यायला लावलं.

शेवटचा प्रश्न: हप्ता कुठून?

आमच्या गटात महिन्याला शेकडा 1 रुपया व्याज आहे. 60,000 रुपये 24 महिन्यांत फेडायचे तर मुद्दल 2,500 आणि पहिल्या महिन्याचं व्याज 600, मिळून 3,100. सुपारी आणि पापडांवर घर चालवणाऱ्या बाईला हे जड. मोडलेली गाडी उद्या उभी राहील, पण थकलेल्या हप्त्याने ताईचं गटातलं नाव खाली गेलं असतं.

मग असं ठरलं. मुलाने 7,000 घालायचे, गटाने 18,000 द्यायचे. मिळून 25,000, म्हणजे फक्त चालती करण्याचा खर्च. 12 हप्ते, पहिला 1,680 रुपयांचा. कागदांचा खर्चही मुलाकडे. रंग आणि क्रोम "पुढे वाटलं तर, कर्ज फिटल्यावर" असं इतिवृत्तात लिहिलं.

गणपतीपर्यंत गाडी रस्त्यावर आली नाही. गॅरेजचं काम झालं होतं, पण कागद दिवाळीपर्यंत चालले. मुलगा थोडा हिरमुसला. गणपतीत त्याने खळ्यातच गाडी सुरू करून दाखवली. तो आवाज ऐकून शेजारच्या आजी बाहेर आल्या आणि ताईच्या यजमानांचं नाव घेऊन म्हणाल्या, "आला वाटतं बाजारातून." ताई आत गेली आणि थोड्या वेळाने सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. आज आरसीवर तिचं नाव आहे आणि एकही हप्ता थकलेला नाही.

तेव्हा तायांनो, तुमच्या पडवीत अशी एखादी गाडी असेल तर आज एवढंच करा. तिची आरसी शोधा, कोणाच्या नावावर आहे ते वाचा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. किती दुरुस्त करायची ते मग सगळ्या मिळून बसून ठरवू.